दरबारात जीन्सचं कापड

५ जुलैला संस्थेच्या बैठकीत नाटक ठरलं. विषय सवाई माधवरावांची शेवटची पाच वर्षं, दोन अंक, चौदा पात्रं. कपडेपट आम्हा दोघांच्या गळ्यात पडला. संहिता घेऊन प्रवेशागणिक मोजदाद केली तेव्हा २७ पोशाख निघाले. हौशी स्पर्धेतला प्रयोग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे हातात पाच महिने. पुढच्या वर्षी असंच काम कुणाच्या अंगावर आलं तर त्यांचे चाचपडण्यातले दोन-चार आठवडे वाचावेत, म्हणून घडलं तसं मांडलं आहे.

दिग्दर्शकाची एकच अट होती. दरबारातली पाच चाकर माणसं, म्हणजे दोन हुजरे, एक मशालजी, एक भालदार आणि एक पाणक्या, यांचे कपडे जुन्या जीन्सच्या कापडाचे हवेत. बाकी सगळं १७९० च्या दशकातलं. ही कल्पना आभाळातून पडलेली नव्हती. २०१८ च्या ‘द फेव्हरिट’ या इंग्रजी चित्रपटात वेशभूषाकार सॅंडी पॉवेल यांनी ॲन राणीच्या वाड्यातल्या नोकरांना जुन्या जीन्समधून काढलेलं डेनिम घातलं होतं. ॲन राणीचं राज्य १७०२ ते १७१४, म्हणजे इकडे शाहू महाराजांना साताऱ्यात १७०८ मध्ये राज्याभिषेक झाला तोच काळ. तो चित्रपट आम्ही दोनदा पाहिला, पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त कपड्यांसाठी. कापड आजचं आहे, पण कपड्याचा घाट त्या काळाचा आहे, हे दुसऱ्या वेळी कळलं. ‘मारी आंत्वानेत’ (२००६) मध्ये राणीच्या बुटांच्या ढिगात क्षणभर आजच्या तरुणींचे कॅनव्हासचे बूट दिसतात, तिथेही तसंच. १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेलेल्या राणीच्या खोलीत विसाव्या शतकातले बूट चुकून राहिलेले नाहीत, हे आजूबाजूच्या नेटक्या रेशमामुळेच पटतं.

आपल्याकडे मात्र हे प्रकरण नाजूक. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’वर पेशव्यांच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतला होता, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. पडद्यावरची किंवा मंचावरची माणसं इथे कुणाची तरी आजोबा-पणजी असतात, त्यामुळे आधुनिक स्पर्श म्हणजे खोडसाळपणा असं आधी वाटतं, कला असं नंतर. ही भीती घेऊनच कामाला लागलो.

पहिलं काम साल ठरवण्याचं. ‘पेशवाई पोशाख’ असा काही एक पोशाख नाही. बाळाजी विश्वनाथांना वस्त्रं मिळाली १७१३ मध्ये आणि पेशवाई संपली १८१८ मध्ये, मध्ये शंभरावर वर्षं जातात. आपल्या डोक्यात असलेलं चित्र तर बहुतेक वेळा त्याच्याही नंतरचं असतं. नऊवारीतली भरजरी बाई म्हटलं की राजा रविवर्म्याची चित्रं आठवतात. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि घरोघर पोचली ती १८९४ मध्ये त्याचा छापखाना निघाल्यावर. दुकानात ‘पेशवाई’ म्हणून मिळणारी तयार पुणेरी पगडीही रानडे-टिळकांच्या फोटोंतली आहे. आम्ही १७९० ते १७९५ एवढीच चौकट आखली आणि तिच्याबाहेरचं काहीही समोर आलं की बाजूला ठेवलं.

त्या चौकटीतलं सगळ्यांत कामाचं चित्र म्हणजे टॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये पुरं केलेलं पुणे दरबाराचं चित्र. १७९० चा तह करायला इंग्रजांचा वकील मॅलेट दरबारात आला आहे, तो प्रसंग. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे, महाजालावर मोठ्या आकारात पाहायला मिळतं. एक सावधगिरी बाळगा. डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्यानं जेम्स वेल्सची रेखाटनं वापरली, आणि वेल्ससुद्धा पुण्यात आला १७९२ मध्ये. म्हणून ते चित्र फोटो समजू नये. तरी दोन गोष्टी त्यातून पक्क्या घेता येतात. बैठक जमिनीवर आहे, सिंहासन-खुर्च्यांचा थाट नाही, आणि दरबाराचा मुख्य रंग पांढरा आहे. नाटक-मालिकांतला जांभळा मखमली दरबार तिथे औषधालाही सापडत नाही. मेणवलीच्या नाना फडणीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रंही एका रविवारी पाहून आलो.

९ जुलैला एका वस्तुसंग्रहालयाला पत्र दिलं, जुना जामा, म्हणजे काखेत बंदांनी बांधायचा घेरदार अंगरखा, जवळून पाहू द्यावा म्हणून. पत्र संस्थेच्या छापील कागदावर द्या. त्यात उद्देश, येणाऱ्यांची संख्या, कॅमेरा आणणार की नाही आणि कुठल्या प्रकारचं वस्त्र पाहायचं आहे हे स्पष्ट लिहा. आमच्या पहिल्या पत्रात नुसतं ‘जुने कपडे’ होतं, त्यावर उत्तरच आलं नाही. दुसरं पत्र नीट लिहिलं, उत्तर १४ ऑगस्टला आलं, भेट २० ऑगस्टला मिळाली. हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, वेळ पाऊण तास. पाऊण तास पुरतो, पण प्रश्न लिहून न्यावे लागतात. आमचे प्रश्न चार होते: बंद कुठल्या बाजूला, शिवण किती रुंद, काखेत काय केलं आहे, घेर कुठून सुरू होतो. काखेत वेगळा चौकोनी तुकडा बसवला होता, त्यामुळे बाही अंगाला घट्ट असूनही हात वर जातो. आजचे शिंपी तो तुकडा गाळतात आणि त्याऐवजी मुंढा खोल कापतात. मग हात उचलला की अख्खा जामा वर येतो. रंगमंचावर दर वेळी खटकतं ते नेमकं काय, ते तिथे सापडलं.

दरम्यान कागदपत्रांचं काम चालू होतं. लेखकाचं परवानगीपत्र, स्पर्धेचा प्रवेश अर्ज, आणि जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. ‘सेवकांच्या पोशाखात आजचं कापड हेतुपूर्वक वापरलं आहे’ हे सुरुवातीचं निवेदन आम्ही संहितेतच घालून पाठवलं, म्हणजे कागदावर एक आणि मंचावर दुसरं असं व्हायला नको. प्रमाणपत्र ऑगस्टअखेर हातात आलं.

भाड्यानं कपडे घ्यायचे का, याचा विचार जुलैमध्येच करून झाला होता. एका कपडेपटवाल्यांनी पोशाखामागे प्रयोगाला ४०० रुपये सांगितले. २७ पोशाखांचे १०,८०० झाले. दोन रंगीत तालमी आणि दोन प्रयोग धरले तर ४३,२००. पैशांपेक्षा माल पाहून बेत बदलला. नायलॉनची मखमल, प्लॅस्टिकच्या जरीची लेस, पाठीला चेन, सुरवारीला इलॅस्टिक आणि जाम्याच्या नावाखाली बंद गळ्याची शेरवानी. शेरवानी एकोणिसाव्या शतकातली. चेन ज्या रूपात आपण वापरतो ती १९१३ नंतरची, नायलॉन १९३५ चं. त्यांचाही दोष नाही. तोच पोशाख त्यांना सकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनाला आणि संध्याकाळी वरातीला द्यायचा असतो.

ऑगस्टमध्ये कापड घेतलं. रविवार पेठेत मलमल ११० रुपये मीटरनं मिळाली. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाले तरी एक दोरा काढून काडीनं पेटवून पाहावा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरडली जाणारी राख उरते. पॉलिएस्टरचा दोरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. सहा दुकानांतल्या नमुन्यांपैकी दोनांनी मणी धरला.

एका जाम्याला ४४ इंच पन्ह्याची ९ मीटर मलमल लागते. त्यातले साधारण साडेसहा मीटर निव्वळ घेराला जातात. घेर कमी केला की जामा फ्रॉकसारखा दिसतो, तिथे काटकसर करू नये. पहिल्या जाम्यात आम्ही मोठी चूक केली: कापड न धुता कापलं. पहिल्या धुण्यात लांबी सव्वादोन इंच आटली आणि पेशव्यांचे घोटे उघडे पडले. तो जामा मग अमृतराव पेठ्यांचं काम करणाऱ्या, उंचीनं कमी असलेल्या नटाला दिला. नंतरची सगळी मलमल आधी रात्रभर पाण्यात ठेवली, खळ काढली, उन्हात न ताणता वाळवली आणि मग कात्रीला दिली.

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाचीच. गिरणीतल्या पांढऱ्या कापडाला उजळपणासाठी रसायन लावलेलं असतं, ते नाट्यगृहातल्या एलईडी दिव्यांखाली निळसर चकाकतं. पेशवे साबणाच्या जाहिरातीतून आल्यासारखे दिसतात. उपाय चहाचा. ५ मीटर मलमलीला ६ लिटर पाणी, ३० ग्रॅम चहाची पूड, चमचाभर मीठ. दहा मिनिटं उकळून कापडातून गाळायचं, कारण पूड राहिली की तपकिरी ठिपके पडतात. मलमल आधी साध्या पाण्यात ओली करून मग एका दमात बुडवायची. कोरडी घातली तर घड्यांच्या जागी पट्टे उमटतात. बारा मिनिटांनी काढून दोन पाण्यांत खळबळायची. ओली असताना वाटतं त्यापेक्षा वाळल्यावर दोन छटा फिकी होते. आणि नंतर नेहमीच्या पावडरीनं धुवायची नाही, त्या पावडरीतही तेच उजळवणारं रसायन असतं. आम्ही रिठे वापरले.

रंगांच्या बाबतीत एक नियम केला होता, तो अर्धा मोडावा लागला. कृत्रिम रंग आला १८५६ मध्ये, पर्किनच्या जांभळ्यापासून. तेव्हा भडक दिसेल ते बाद, असं आम्ही ठरवलं होतं. पण कुसुंब्याचा गुलाबी चांगलाच भडक असतो, हळदीचा पिवळाही. त्यामुळे निकष बदलला. नीळ, मंजिष्ठ, आल, लाख, कुसुंबा, हळद, डाळिंबाची साल यांतून जे निघू शकतं ते चालेल, मग ते कितीही उठून दिसो. मोरपंखी चमक, फ्लोरोसंट हिरवा आणि फिका लव्हेंडर मात्र बाद. बायकांची लुगडी सुतीच घेतली, तीन विकत आणि तीन उसनी. चोळ्यांना गुळेदगुड्डचा खण, गाठ पुढे, पाठ बंद. तयार शिवलेली इलॅस्टिकची नऊवारी दिग्दर्शकांनाही मोहात पाडत होती, कारण ती दोन मिनिटांत चढते. पण ती चालताना पायजम्यासारखी हलते. नेसायला आठ मिनिटं लागतात, आणि ती आठ मिनिटं प्रवेशांच्या क्रमातच शोधावी लागतात. पदराच्या एकसारख्या निऱ्या करून खांद्याला पिन मारायची सवयही मोडून काढली. सेफ्टी पिन १८४९ ची, पण प्रश्न सनाचा नव्हता. पिन मारलेला पदर सरकत नाही, आणि सरकणारा पदर सावरणं हीच त्या बाईच्या हाताची निम्मी हालचाल असते.

सप्टेंबर शिवणकामात गेला. शिलाई जाम्याला ८५०. आतल्या शिवणी मशीनवर, दिसणाऱ्या कडा हातानं, एवढा करार मास्तरांशी केला. शिवणयंत्राचा वापर एकोणिसाव्या शतकातला आहे. पहिल्या रांगेतून जाम्याच्या खालच्या कडेची सरळ मशीन-टीप दिसते, आतली दिसत नाही. इथे एक गंमत झाली. मास्तरांना चित्रं फोनवर पाठवली होती, त्यांतलं एक महाजालावरून घेतलेलं उलटं छापलेलं होतं, आरशातल्यासारखं. बंद कुठल्या काखेत बांधायचा यावर मोगल काळापासून हिंदू डावीकडे आणि मुसलमान उजवीकडे अशी रीत सांगितली जाते. मास्तरांनी चित्राबरहुकूम नाना फडणीसांचा बंद उजवीकडे नेला. उसवून पुन्हा शिवायला चार दिवस लागले. चित्र सरळ आहे की उलटं, हे त्यातल्या तलवारीवरून किंवा एखाद्या अक्षरावरून आधी ताडून घ्या.

तालमींसाठी जुन्या चादरींचे कच्चे जामे ऑगस्टमध्येच शिवून दिले होते. दीडशे रुपयांत एक होतो. पँटीत तालीम केलेला नट जाम्यात पहिल्यांदा मांडी घालतो तेव्हा घेर पायाखाली दाबतो आणि उठताना फाडतो. वीस मिनिटं मांडी घालून बसायचीही सवय लागते. ऑक्टोबरपर्यंत आमच्या दरबारातल्या दोघांच्या पायांना मुंग्या यायच्या आणि मुजऱ्याला उठताना ते लोडाला धरून उठायचे.

आता जीन्सचं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जाऊन २२ जुन्या पँटी घेतल्या, ८० रुपयांना एक. लेबल पाहून १०० टक्के सुती निवडा. ताणली जाणारी जीन्स शिवल्यावर कोपरात लोंबते आणि दिव्यात चमकते. एक पँट दोन्हीकडून उसवून उघडली की साधारण १६ इंच रुंद आणि ३६ इंच लांब असे दोन पट्टे मिळतात. चाकरांच्या एका बाराबंदीला, म्हणजे बारा बंदांच्या आखूड अंगरख्याला, अशा चार पँटी लागल्या, पाच बाराबंद्यांच्या वीस, आणि दोन कापण्यात वाया. बारा बंदही त्याच कापडाचे केले तर गाठच बसत नाही, इतके जाड होतात. ते निळ्या मांजरपाटाचे केले. मशीनला १४ नंबरची सुई टिकली नाही, सात मोडल्या. १८ नंबर लावावी, आणि चार पदर एकत्र येतात तिथे शिवण आधी हातोडीनं ठोकून चपटी करावी. शिलाई एकेका बाराबंदीला ७००. वजन सव्वा किलोच्या घरात, त्यामुळे नटांना आत सुती बंडी आणि मध्यंतरात पाणी लागतंच.

उसवताना एक गोष्ट अशी दिसली की तिच्यावर दोन तालमी वाद झाला. मागचा खिसा काढला की त्याखालचं कापड गडद निळं निघतं, कारण तिथे ऊन आणि साबण पोचलेला नसतो. भोवती फिकट, मध्ये खिशाच्या आकाराचा गडद पंचकोन, आणि कडेनं उसवलेल्या पिवळ्या दोऱ्याची बारीक भोकं. हुजऱ्याच्या छातीवर असा एक पंचकोन आला. आमचं मत होतं तो तुकडा आत फिरवावा. दिग्दर्शक म्हणाले, ठेवा. ठेवला. पण तांब्याचे रिव्हेट आणि पिवळी दुहेरी टीप मात्र सगळी काढली. ती राहिली असती तर कापड बोललं नसतं, पँट बोलली असती.

या कापडाला इथलं मूळही आहे, ते आम्हाला काम करता करता कळलं. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड परदेशात त्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे चाकर माणसाच्या अंगावर जाड सूत ही गोष्ट मुळात आपल्याकडूनच फिरून आली आहे.

१६ नोव्हेंबरला पहिली रंगीत तालीम. वीस जणांना बोलावलं, त्यांत दोन इतिहासाचे शिक्षक, बाकी शेजारीपाजारी. प्रत्येकाला चिठ्ठी दिली: डोळ्यांना खटकलेलं एक लिहा, नाव लिहू नका. वीसपैकी तेरा चिठ्ठ्यांत जीन्स. ‘नोकरांचे कपडे कमी पडले का?’ असंही एकानं लिहिलं होतं. रात्री दिग्दर्शक चाकरांना साधं मांजरपाट द्यायला तयार झाले होते, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही सुटल्यासारखं वाटलं होतं.

उरलेल्या सात चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी नीट वाचल्या तेव्हा उलगडा झाला. दोन चिठ्ठ्यांत व्हेल्क्रोचा आवाज. पेशवे दरबारातून आत जातात आणि चाळीस सेकंदांत उपरण्यावर परत येतात, त्या घाईच्या बदलासाठी जाम्याला आतून व्हेल्क्रो लावला होता. विंगेतून आलेलं ते ‘खर्रर्र’ सहाव्या रांगेपर्यंत पोचलं. एकीत पेशव्यांच्या पत्नी यशोदाबाईंच्या दंडावरचा लसीचा व्रण. भारतातली देवीची पहिली लस मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली १४ जून १८०२ रोजी. आमचं नाटक १७९५ मध्ये संपतं, आणि नटीच्या दंडावरचा व्रण तर बीसीजीचा. एकीत मलमलीतून दिसणारा बनियनचा पट्टा, एकीत घड्याळाच्या जागी राहिलेली गोरी पट्टी, एकीत कोरीव दाढी, एकीत नथीचा हिऱ्यांसारखा लखलखाट. शिवाय पाचांपैकी दोनच बाराबंद्या तयार होत्या, उरलेले तिघे भाड्याच्या झब्ब्यात होते. आणि ते निवेदन? लोक खुर्च्या शोधत असताना वाचलं गेलं, कुणीही ऐकलं नव्हतं.

थोडक्यात, सहा नकळत राहिलेल्या चुकांच्या रांगेत आमची मुद्दाम केलेली गोष्ट सातवी चूक म्हणून उभी होती. प्रेक्षकानं ती वेगळी का काढावी? मांजरपाट रद्द केलं आणि दोन आठवडे फक्त बारीकसारीक काढत बसलो.

व्हेल्क्रोच्या जागी टिचबटणं. तीही १८८५ नंतरचीच, पण आवाज होत नाही आणि वर खरे बंद शिवलेले असल्यानं दिसत नाहीत. दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते वापरायला आमची हरकत नव्हती. व्रणावर पॅनस्टिक, वर पावडर, आणि चोळीची बाही बोटभर लांब. मलमलीखाली गव्हाळ रंगाची बंडी. पांढऱ्यापेक्षा ती कमी दिसते, हे आरशात पाहिल्याशिवाय कुणालाच पटत नाही. मनगटावरच्या पट्टीला रंगभूषा पुरत नाही, घामानं जाते. नटांनी तीन आठवडे घड्याळच काढून ठेवलं. दाढी एकानं काढली. दुसऱ्याचं एका मालिकेत काम चालू होतं, त्याला कारभाऱ्याऐवजी पठाण सरदाराची भूमिका दिली. डोकी भादरायला कुणी तयार नव्हतं, म्हणून खाजगी प्रवेशातही सगळ्यांच्या डोक्यावर पगडी ठेवली. ही तडजोड आहे, आणि जाणकाराला ती कळते. पगड्या तयार न घेता कागदाच्या लगद्याच्या साच्यावर सुती पट्ट्या पिळून बांधल्या. एकीला दोन दिवस आणि साधारण ६०० रुपये लागले.

दागिन्यांना तुळशीबाग पुरते, पण दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अमेरिकन डायमंडच्या पैलूंचा झगमगाट त्या काळच्या चपट्या हिऱ्यांचा नाही. त्यावर ओला साबण पुसून वाळू दिला की चमक मरते, प्रयोगानंतर धुता येतो. मोती एकसारखे गोल नकोत, तांदळासारखे वेडेवाकडे घ्या. आणि कुंकू मेणावर पिंजर लावूनच. टिकलीची कड दिव्यात उचललेली दिसते.

दिव्यांपुढे मात्र हात टेकले. नाट्यगृहात उघडी ज्योत लावू देत नाहीत, त्यामुळे समया आणि मशाल बॅटरीच्या. दुकानातला लुकलुकणारा दिवा ठरावीक तालात लुकलुकतो आणि दहाव्या सेकंदाला पकडला जातो. एका मशालीत तीन वेगवेगळे दिवे घालून वर पिवळसर जिलेटिन लावलं तेव्हा ताल मोडला.

सगळ्यांत उपयोगी बदल कापडाचा नव्हता, क्रमाचा होता. निवेदन काढून टाकलं. पडदा उघडल्यावर पहिलं मिनिटभर मंचावर फक्त पाच चाकर: बिछायत अंथरतात, लोड लावतात, समया ठेवतात, एक शब्द न बोलता. पाचही जणांच्या अंगावर जीन्सचं कापड. मग पांढरा दरबार येतो. ३० नोव्हेंबरच्या दुसऱ्या तालमीला अठरा माणसं बोलावली, आधीची एकही नाही. जीन्स चार चिठ्ठ्यांत आली, त्यांतल्या तीन प्रश्नार्थक होत्या. एकीत लिहिलं होतं, ‘नोकर आपल्यातले वाटले, मुद्दाम केलंय का?’

सगळा खर्च ४६,९०० झाला. भाड्यापेक्षा थोडा जास्त, पण कपडे संस्थेकडे राहिले.

डिसेंबरमध्ये स्पर्धेचा प्रयोग नीट पार पडला, एक गोष्ट सोडून. शेवटच्या प्रवेशात, ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात पडलेल्या सवाई माधवरावांना दोन हुजरे उचलून आणतात. त्यांतली एक बाराबंदी गडद, फारशी न वापरलेल्या पँटीची होती. नीळ धाग्याच्या आत मुरत नाही, बाहेरच बसते, म्हणून घामानं आणि घर्षणानं सुटते. पेशव्यांच्या चहाच्या रंगाच्या बाहीवर कोपरापासून मनगटापर्यंत निळा फराटा उमटला. आम्ही विंगेत कपाळाला हात लावला. मीठ-व्हिनेगरचे उपाय सगळे सांगतात, निळीवर त्यांचा उपयोग नाही. बाराबंदी आठ-दहा वेळा धुऊन सुटी नीळ काढून टाकणं हाच इलाज, आणि तो आम्ही दोन तालमींआधी करायला हवा होता.

जामा रिठ्यात दोनदा धुतल्यावर डाग फिका झाला. दिग्दर्शकांना तो गडद हवा होता. जानेवारीतल्या प्रयोगाआधी पुन्हा वाद झाला आणि आम्ही हरलो. आता मेकअपच्या पेटीत त्याच पँटीचा वीतभर तुकडा ठेवलेला असतो. शेवटच्या प्रवेशाआधी हुजरा तो पाण्यात भिजवून पिळतो आणि आपल्या तळव्याला घासतो. सात-आठ वेळा घासलं की पहिल्या रांगेला दिसेल इतकी नीळ बाहीवर उतरते. मधल्या ब्लॅकआऊटमध्ये त्यानं हात कशालाही लावायचा नाही, विशेषतः पडद्याला.